गूळ नको गं आई! हमिंगबर्डच्या खाण्यापिण्याची गोष्ट

आई पहिल्यांदा आमच्याकडे न्यू जर्सीला आली तेव्हा जून महिना होता, मागच्या डेकवर चहा घेत बसलो होतो आणि ती एकदम दचकून म्हणाली, "अगं, केवढा मोठा भुंगा, कानाजवळून गेला!" भुंगा नव्हता, हमिंगबर्ड होता. पण तिचं काही चुकलं नाही, आवाज खरंच भुंग्यासारखा येतो, घुंऽऽ असा, कारण हा पक्षी सेकंदाला पन्नासेक वेळा पंख मारतो आणि नावही त्या आवाजावरूनच पडलंय. मग तिने लटकवलेला फीडर, म्हणजे पक्ष्यांना प्यायला टांगतात ते भांडं, बघितला, विचारलं यात काय घालतेस, म्हटलं साखरपाणी. "साखर कशाला, गूळ घाल की, जरा अंगी लागेल."

या एका वाक्याचं उत्तर देताना मला पूर्ण हमिंगबर्ड समजावून सांगावा लागला, आणि नंतर इथल्या दोन-तीन मराठी मैत्रिणींनीही तेच विचारलं (एकीने मध घातला होता, एकीने चक्क रूह अफजा), म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी कोणता पक्षी ते. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, वर अलास्कापासून खाली अर्जेंटिना-चिलीच्या टोकापर्यंत, साडेतीनशेच्या वर जाती. भारतात एकही नाही. पुण्याहून दर महिन्याला कोणीतरी व्हॉट्सअॅपवर "आमच्या गच्चीत हमिंगबर्ड आला" म्हणून व्हिडिओ पाठवतं तो एकतर शिंजीर (सनबर्ड) असतो नाहीतर हॉकमॉथ नावाचा पतंग, जो फुलासमोर अगदी तसाच तरंगतो. (जर्मनीत मात्र तीन कोटी वर्षांपूर्वीचे हमिंगबर्डसारखे जीवाश्म सापडलेत, म्हणजे कधीकाळी ते तिकडेही होते, पण ते आत्ता आपल्या कामाचं नाही.) अमेरिकेच्या पूर्व भागात घरटं करणारी जात एकच, रुबी-थ्रोटेड. नराच्या गळ्यावर माणकासारखा लाल पट्टा, मादीचा गळा पांढरट. तो लाल पण फसवा आहे, त्यात लाल रंगद्रव्य नाहीच, पिसातल्या बारीक थरांवरून उजेड उसळतो म्हणून तो दिसतो, पक्ष्याने मान जरा वळवली की गळा काळा. कॅलिफोर्नियावाल्यांकडे अॅनाज हमिंगबर्ड बारा महिने असतो, त्यामुळे पुढे मी जे महिने सांगतेय ते त्यांनी सोडून द्या, साखरेचं गणित मात्र सगळ्यांना सारखंच.

तर गणित. चहाचा एक सपाट चमचा साखर साधारण ४ ग्रॅम भरते. रुबी-थ्रोटेड हमिंगबर्डचं वजन असतं ३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आपण चहात जेवढी साखर घालतो त्याहून हा अख्खा पक्षी हलका, आणि एवढ्याशा देहात हृदय उडताना मिनिटाला हजार-बाराशे ठोके मारतंय. एका जागी हवेत थांबणं हा उडण्यातला सगळ्यात महागडा प्रकार. बाकीचे पक्षी पंख खाली मारताना वर उचलले जातात, वर नेताना जवळजवळ काही मिळत नाही, हमिंगबर्ड मात्र पंख इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवतो आणि वर जातानाही थोडा जोर मिळवतो, त्यामुळे थांबता येतं, मागे पण उडता येतं. पण खर्च प्रचंड. मग तो पैसा आणायचा कुठून, तर सरळ साखरेतून, आणि इथे गंमत आहे. आपण साखर खाल्ली तर ती पचून, साठून मग हळूहळू वापरली जाते, पळताना आपले स्नायू आत्ता खाल्लेल्या साखरेवर फार तर एक-तृतीयांश भागवू शकतात. हमिंगबर्ड अर्ध्या-पाऊण तासापूर्वी प्यायलेल्या साखरेवरच जवळजवळ पूर्ण उडत असतो. हातावर पोट म्हणतात ना, ते हे. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी फेरी, दिवसभरात शेकडो फुलं.

मग रात्रीचं काय, रात्री तर खायला मिळत नाही. रात्री थंडी असेल किंवा पोट नीट भरलेलं नसेल तर तो शरीर जवळजवळ बंद करून टाकतो, याला टॉर्पर म्हणतात. एरवी ४० अंशांच्या आसपास असलेलं तापमान धाडकन खाली, ठोके खाली, श्वास तुटक. पेरूच्या अँडीज डोंगरात ब्लॅक मेटलटेल नावाच्या हमिंगबर्डचं शरीर रात्री ३.३ अंशांपर्यंत गार झालेलं मोजलंय, २०२० मध्ये छापून आलं होतं ते, आपल्या फ्रीजमधलं दूध साधारण तेवढं गार असतं! सकाळी उठून परत गरम व्हायला वीसेक मिनिटं तरी लागतात. त्यामुळे कधी पहाटे फांदीवर पिसं फुलवून दगडासारखा बसलेला हमिंगबर्ड दिसला तर मेला समजून उचलू नका, त्याला सुरू व्हायला वेळ द्या.

आता साखरपाणी. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बास. कुठलीही वाटी घ्या, दोन्हीला तीच घ्या. हे प्रमाण कोणाच्या मनातून आलेलं नाही, हमिंगबर्ड ज्या फुलांवर जातात त्यांच्या मकरंदात साधारण एवढ्याच आसपास साखर असते आणि तीही बरीचशी सुक्रोजच, म्हणजे आपली नेहमीची साखर. चवीला साधारण रसवंतीतल्या उसाच्या रसाइतकं गोड, लिंबू-आलं सोडून. आता कोणी म्हणेल एवढी ऊर्जा लागते तर दाट करू, एकतारी पाकच करू, पण तिथेच घोटाळा होतो आणि तो समजायला याची जीभ समजायला हवी.

पावणेदोनशे वर्षं शास्त्रज्ञ समजत होते की हमिंगबर्डची जीभ म्हणजे दोन बारीक नळ्या आहेत आणि केशनळीत पाणी आपोआप चढतं तसा मकरंद वर चढतो. २०११ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातल्या रिको-ग्वेवारा आणि रुबेगा या दोघांनी हाय-स्पीड कॅमेरा लावून दाखवलं की तसं नाहीये. जिभेचं टोक दुभंगलेलं असतं, कडांना बारीक झालर असते, मकरंदात बुडालं की ती झालर फुलासारखी उघडते आणि बाहेर येताना मिटते, मिटताना थेंब आत पकडला जातो. असं सेकंदाला पंधराएक वेळा. नंतरच्या कामात त्यांनी असंही दाखवलं की चोचीतून बाहेर पडताना जीभ दाबून चपटी होते आणि मकरंदाला टेकताच परत फुगते, ड्रॉपरचा रबरी फुगा सोडल्यावर औषध वर येतं तसं काहीसं. आता या यंत्राला पाक दिला तर? चिकटपणा वाढला की प्रत्येक चाटण्यात कमी येतं, वेग पडतो. शिवाय उन्हाळ्यात त्याला पाणीही हवं असतं ते मिळत नाही. आणि फार पातळ केलं तर पाण्याचंच ओझं घेऊन उडायचं. म्हणून एकाला चार.

आता गूळ. गुळात लोह असतं, आपल्यासाठी चांगलंच आहे, बाळंतिणीला देतो. हमिंगबर्डच्या रोजच्या खाण्यात लोह अगदी नावापुरतं, जास्तीचं आलं तर ते शरीरात साचून त्रास होऊ शकतो. त्यामुळे गूळ नाही, ब्राऊन शुगर नाही, ती महागाची "रॉ", "ऑरगॅनिक" लिहिलेली बदामी साखर पण नाही. पौष्टिक वाटणारं सगळं इथे बाद! पिठीसाखरही नको, इथे ती कॉर्नस्टार्च घालून येते. मध नको कारण पाण्यात पातळ केलेला मध पटकन आंबतो आणि त्यात बुरशी धरते. शुगर-फ्री गोळ्या तर अजिबातच नको, त्यात ऊर्जाच नाही, पक्षी पीत राहील आणि उपाशी मरेल. आणि लाल रंग घालू नका, दुकानात लाल बाटलीत तयार मिळतं ते पण घेऊ नका, फीडरचं प्लास्टिक लाल असतं तेवढं पुरतं.

लाल रंगाबद्दल एक जाता जाता. सगळे म्हणतात हमिंगबर्डना लाल आवडतो, खरं तर मधमाश्यांना लाल नीट दिसत नाही त्यामुळे लाल फुलांमध्ये मकरंद शिल्लक राहण्याची शक्यता जास्त आणि हे पक्षी ते शिकून लक्षात ठेवतात. मकरंद असेल तर पांढऱ्या फुलावर पण जातात. त्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या, आपल्या तीन. आमच्या इथल्याच प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मेरी स्टोडार्ड आणि त्यांच्या टीमने कोलोरॅडोच्या डोंगरात दिवे लावून प्रयोग केले आणि २०२० मध्ये सांगितलं की अतिनील (जो आपल्याला दिसतच नाही) अधिक हिरवा, अतिनील अधिक लाल असे मिश्र रंगही हे पक्षी ओळखतात. म्हणजे आपल्या बागेतलं फूल त्याला कसं दिसतं याची आपल्याला कल्पनाही करता येत नाही.

माझी पहिल्या वर्षीची करणी सांगते. तीच लाल बाटली आणली, मोठ्ठा फीडर गच्च भरला, छान ऊन येतं तिथे टांगला आणि तीन आठवडे विसरले. आत काळे ठिपके, खाली गळून मुंग्यांची रांग, आणि मी म्हणतेय पक्षी का येत नाही! साखरपाणी उन्हात आंबतंच, इथे काही वेगळी जादू नाही. कडक उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी बदला, गार हवेत चार-पाच दिवस चालतं, गढूळ दिसलं की लगेच ओता. दर वेळी गरम पाणी आणि ब्रशने घासा, काळपट दिसलं तर व्हिनेगर घालून ठेवा आणि मग खळखळून धुवा. एवढं जमणार नसेल तर फीडर लावूच नका, खरंच सांगते, फुलझाडं लावा, ती स्वतःच रोज ताजा मकरंद करतात आणि भांडी घासावी लागत नाहीत.

छोटा फीडर घ्या, अर्धाच भरा. बशीसारखा चपटा असतो तो बरा. उलट्या बाटलीचा असतो त्यात बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी धरून ठेवलेलं असतं, उन्हात वरची हवा तापून फुगली की ती पाणी खाली ढकलते आणि ठिबकायला लागतं, मग मुंग्या, मग गांधीलमाशा. सावलीत टांगा. मुंग्यांसाठी फीडरच्या वर पाण्याची छोटी वाटी लावायची असते, तयार मिळते, आपल्याकडे लाडवाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवायचे ना, तेच उलटं टांगलेलं. तारेला तेल किंवा व्हॅसलिन फासू नका, पिसांना लागलं की निघत नाही. आणि फीडरवर हिरवा प्रार्थनाकीटक बसलेला दिसला, मॅन्टिस, तर त्याला उचलून लांब सोडा. मोठे मॅन्टिस हमिंगबर्ड पकडून खातात, मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. काचेवर आपटू नये म्हणून फीडर एकतर खिडकीच्या अगदी जवळ, हाताच्या अंतरावर, किंवा पुरता लांब.

आता जो मुद्दा बहुतेक लोक विसरतात तो. साखरपाणी म्हणजे चहा. चहावर माणूस दिवसभर चालेल पण वाढणार नाही, आणि पिल्लं तर नाहीच. हमिंगबर्ड बारीक माश्या, चिलटं, छोटे कोळी खातात, सगळं प्रोटीन तिथून येतं, पिल्लांच्या चोचीत आई हेच कोंबते. नर काही करत नाही, घरटं, अंडी, पिल्लं सगळं मादी एकटी. घरटं अर्ध्या अक्रोडाच्या कवटीएवढं, त्यात दोन अंडी, टपोऱ्या वाटाण्याएवढी. आणि ते घरटं बांधलेलं असतं कोळ्याच्या जाळ्याने, बाहेरून दगडफूल लावून. जाळं ताणलं जातं म्हणून पिल्लं मोठी होतील तसं घरटंही सैल होत जातं, आधीच शिवून ठेवलेला वाढीव माप. त्यामुळे बागेत कीटकनाशक मारायचं आणि फीडर टांगायचा हे म्हणजे पाहुण्यांना चहा देऊन स्वयंपाकघराला कुलूप. आई दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन डेकची कोळिष्टकं काढायला निघाली होती, तिला थांबवताना फार ऐकून घ्यावं लागलं. घरटं सापडलंच तर हात लावू नका, इथे १९१८ पासून कायदाच आहे तसा.

झाडांचं मात्र मनापासून सांगते कारण ती लावल्यावरच आमच्याकडे खरी गर्दी झाली. न्यू जर्सीत पक्षी एप्रिलच्या मध्यापासून शेवटापर्यंत येतात, नर आधी, तेव्हा फारसं काही फुललेलं नसतं, कोलंबाईन नावाचं रानटी लाल-पिवळं फूल तेवढं त्या सुमारास उमलायला लागतं. ते सावलीत पण येतं. मग कोरल हनीसकल, लांब लाल नळ्यांची वेल. दुकानात जपानी हनीसकल पण मिळते, तिचा वास छान आहे पण इथल्या जंगलात ती तणासारखी माजलीय, ती नको. जुलैमध्ये बी-बाम, पुदिन्याच्या कुळातली, पानांना वास असल्यामुळे हरणं सहसा तोंड लावत नाहीत (ज्यांच्याकडे हरणं येतात त्यांना या वाक्याची किंमत कळेल). तिच्यावर पांढरी भुरी फार पडते, "जेकब क्लाइन" ही जात घेतली तर कमी. ओलसर जागा असेल तर कार्डिनल फ्लॉवर, याच्यासारखा लाल दुसरा नाही. ट्रम्पेट क्रीपर सगळे सुचवतात, मी नाही सुचवणार, ती वेल घराच्या साइडिंगमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणात, शिरते. नर्सरीत रोपावर आधीच कीटकनाशक मारलंय का हे विचारून घ्या.

आणि ज्वेलवीड. हे कोणी विकत घेत नाही, ओढ्याकाठी सावलीत आपसूक उगवतं, नारिंगी, मागे वळलेली शेपटी असलेली फुलं. पहिल्यांदा आईने ते बघितलं आणि म्हणाली "हा तर तेरडा!" आणि बरोबर, आपल्या तेरड्याचंच कुळ, शेंगेला बोट लावलं की टप्पकन फुटून बिया उडतात ते पण तसंच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलतं, आपल्याकडे तेरड्याच्या गौरी आणायचे दिवस तेच. आणि नेमक्या याच दिवसांत हमिंगबर्ड दक्षिणेला जायची तयारी करत असतात, यंदाची पिल्लंही उडायला लागलेली असतात, तेव्हा बागेत वर्षातली सगळ्यात जास्त वर्दळ. आता दरवर्षी आमच्या गौरीत चार फांद्या ज्वेलवीडच्या असतात, तेवढ्याच तोडते, बाकी त्यांच्यासाठी.

गर्दी म्हणजे भांडण हे आलंच. एक नर फीडरजवळच्या फांदीवर बसून राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाकलतो, स्वतःला भूक नसली तरी. निसर्गात फुलांचा ताटवा राखला तर पोट भरतं म्हणून ही सवय, फीडर कधी संपत नाही हे त्याला माहीत नाही. उपाय सोपा, दुसरा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला, एकमेकांना दिसणार नाही असा. दोन्हीवर एकट्याला पहारा करता येत नाही.

हे सगळं खाणं कुठे जातं तर प्रवासात. ३ ग्रॅमचा पक्षी चरबी साठवून जवळजवळ दुप्पट होतो आणि मेक्सिको, मध्य अमेरिकेकडे निघतो. बरेचसे मेक्सिकोचं आखात सरळ ओलांडतात, ८०० किलोमीटर, न थांबता, अठरा-वीस तास. समृद्धी महामार्ग मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर आहे, त्याहून लांब आणि खाली सगळं पाणी. लोक घाबरतात की फीडर ठेवला तर तो जाणारच नाही, थंडीत मरेल. असं होत नाही, दिवस लहान व्हायला लागले की आतून निघायचं घड्याळ वाजतं. उलट वरून कॅनडाकडून उशिरा येणाऱ्यांना उपयोग होतो, म्हणून शेवटचा पक्षी दिसल्यावरही दोनेक आठवडे ठेवा. पुढच्या वर्षी बरेचदा तोच पक्षी त्याच जागी परत येतो, एका मादीला पायातल्या कड्यामुळे ९ वर्षांनी ओळखलं होतं. आम्ही एका एप्रिलमध्ये फीडर लावायला उशीर केला तर एक नर रिकाम्या हुकासमोर हवेत थांबून बघत होता, मला इतकं अपराधी वाटलं की चहा गॅसवर ठेवून आधी साखर विरघळवली.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी: तिकडे साखरपाणी टांगू नका. तिकडच्या उन्हात ते दिवसात आंबेल आणि मुंग्या-माश्यांची जत्रा भरेल. शिंजीर हमिंगबर्डचा नातेवाईक नाही, दोघांनी एकाच कामासाठी आपापली सारखीच चोच घडवली एवढंच, आणि तो तरंगण्यापेक्षा बसून पिणं पसंत करतो, त्यामुळे त्याला बसायला फांदी असलेलं झाड हवं. गॅलरीत जास्वंद, टेकोमा, हॅमेलिया लावा. हॅमेलिया मूळची अमेरिकेतली, तिकडे तिच्यावर हमिंगबर्ड जातात, आपल्याकडे येऊन तिने शिंजिराला लळा लावलाय.

आमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्याला फीडर उतरतो. घासून, वाळवून गॅरेजमध्ये आकाशकंदिलाच्या खोक्यात ठेवते, कारण खोकं तेव्हा रिकामंच होतं, कंदील त्याच हुकाला लागलेला असतो.